साठीनंतर पोटातली चरबी हलत का नाही? तिच्यात राहणाऱ्या पेशींची भानगड

गोठ्यातला डॉक्टर | रविवार, रात्री ९:१०

येळवशीला आमच्या शेतात, औशाच्या अलीकडं, कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जी, उंडे, वर तांब्याभर अंबिल. जेवण झाल्यावर थोरल्या भावानं सदऱ्याची खालची दोन बटणं सोडली आणि मला म्हणाला, "डॉक्टर, म्हशीचं सगळं कळतं तुला. आता ह्याचं सांग." ह्याचं म्हणजे पोटाचं.

भाऊ सहासष्टचा. दंड वाळलेले, पिंढऱ्या कडब्याच्या ताटासारख्या आणि मधे हे पोट. दोन्ही एकादशा, संकष्टी, शिवाय गुरुवार धरतो. त्याचं म्हणणं असं, की चाळिशीत हेच उपास केले की आठ दिवसांत कमरेचा पट्टा एक भोक आत जायचा. आता उपास केले की गाल बसतात, दंड उतरतात, पोट मात्र जागचं हलत नाही. "उपास मी करतो, झिजतो दंड. हा काय न्याय झाला?"

मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. माणसाच्या औषधपाण्यात पडत नाही. पण चरबी मी आयुष्यभर हातानं पाहिलीय. शेळीचं पोट फाडलं की आतड्यांच्या आधी दिसतो तो चरबीचा जाळीदार पडदा. शास्त्रात त्याला ओमेंटम म्हणतात. करडाचा पडदा उजेडात धरला तर पलीकडचा हात दिसतो. रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं चरबीच्या पिवळसर रेघा आणि मधल्या पारदर्शक भागात दुधाचे शिंतोडे उडावेत तसे बारीक पांढरट ठिपके. जाड म्हाताऱ्या शेळीचा हाच पडदा वाकळेसारखा जड लागतो. सिझेरियन केलेल्या शेळीचं पोट पुन्हा उघडायची वेळ आली, की हा पडदा जुन्या टाक्यांवर जाऊन घट्ट चिकटलेला असायचा. कुणी न सांगता.

त्या पांढऱ्या ठिपक्यांत प्रतिकारपेशी असतात. म्हणजे पोटातली चरबी हे नुसतं तुपाचं गाडगं नाही, तिथं पहिल्यापासून फौजेची छावणी आहे. जखम, जंतू, फुटकं आतडं यांच्यासाठी.

या फौजेतल्या मुख्य गड्याचं नाव मॅक्रोफेज, आपण महाभक्षी पेशी म्हणू. मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत काटा टोचून ठेवला. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती अशा पेशींचा गराडा. पुढं १९०८ ला नोबेल मिळालं. या पेशी मेलेलं, कुजलेलं, परकं सगळं गिळतात, आणि गिळताना आरडाओरडाही करतात. म्हणजे रासायनिक निरोप सोडतात, की इकडं या, आग लागलीय. दाह, सूज, ताप सगळं त्या ओरड्यातून.

१९९३ मध्ये होटामिस्लिगिल आणि स्पिगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हा असाच एक निरोप सापडला, आणि तो इन्सुलिनच्या कामात आडवा येतो हेही दिसलं. सगळ्यांना वाटलं चरबीच्याच पेशी ओरडतात. २००३ मध्ये कळलं की ओरडणाऱ्या बऱ्याचशा या महाभक्षी पेशीच आहेत. सडपातळ प्राण्याच्या चरबीत शंभरातल्या दहाहून कमी पेशी त्या असतात, खूप लठ्ठ माणसात हे प्रमाण चाळीसच्या घरात जातं. फुगून मेलेल्या चरबीच्या पेशीभोवती त्या मुकुटासारखं कडं करून बसतात.

हे झालं लठ्ठपणाचं. म्हातारपणाचं निराळं, आणि मला लिहायचं होतं ते हेच.

वय वाढलं की अंगात कुठं जखम नसताना, जंतू नसताना बारीक दाह सुरू राहतो. इटलीच्या फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये त्याला इन्फ्लमेजिंग नाव दिलं. मी त्याला धुसफूस म्हणतो. चूल विझल्यासारखी दिसते, पण राखेत हात घातला की चटका बसतो, तसं. ही धुसफूस जिथून चालते त्यातली एक मोठी जागा म्हणजे पोटातली चरबी.

आता भावाच्या उपासाकडं येतो. पोट रिकामं राहिलं की मेंदू नसांवाटे चरबीला निरोप धाडतो, माल सोड. हा निरोप नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाच्या रसायनाचा. तो चरबीच्या पेशीवर पोचला की आतली साठवण फुटते आणि रक्तात उतरते. येल विद्यापीठातल्या विश्वदीप दीक्षित यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की म्हाताऱ्या उंदरांच्या चरबीतल्या महाभक्षी पेशी हा निरोप वाटेतच गट्ट करतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मोडून टाकणारं एमएओ-ए हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात वाढलेलं असतं. उंदीर उपाशी आहे, नस ओरडतेय माल सोड, आणि चरबीला ऐकूच येत नाही. त्यांनी ते विकर औषधानं अडवलं, तर म्हाताऱ्या उंदरांची चरबी पुन्हा सुटायला लागली. या पेशींना बिघडवणारी कळही सापडली, एनएलआरपी३ नावाचा पेशीतला धोक्याचा भोंगा. तो भोंगाच नसलेले उंदीर म्हातारे झाले तरी त्यांची चरबी हलत होती.

(दीक्षित मूळचे पशुवैद्य आहेत. उगीच सांगितलं असं समजू नका, मुद्दाम सांगितलंय.)

आमच्या धंद्यात याच्या बरोब्बर उलटा आजार दिसतो, कीटोसिस. जास्त दुधाची संकरित गाय व्याली की दोन-तीन आठवड्यांत एकदम चारा सोडते, तोंडाला गोडूस वास येतो, लघवीत रोथेराची पूड टाकली की रंग जांभळा. तिथं चरबी धरण फुटल्यासारखी सुटत असते आणि लिव्हरला आवरत नाही. म्हाताऱ्या माणसात दार गंजल्यासारखं. मला वाटतं दोन्हीकडं गडबड चरबी किती आहे याच्यापेक्षा दारावर कोण बसलंय याची आहे.

भावाला शेतात एवढं सगळं सांगितलं नाही. तो घोरायला लागला होता. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथं कान धरावा.

---

मांजराकाठ | रविवार, रात्री ९:४८

डॉक्टरसाब, म्हंजे उपास करून उपेग नाही म्हणा की! बायकोला धागा दाखवूलालो आत्ताच. तिनं मला चार महिन्यांपासून सोमवार धरायला लावलाय.

---

गोठ्यातला डॉक्टर | रविवार, रात्री १०:०५

@मांजराकाठ, मला घरातून बाहेर काढू नका. उपयोग नाही असं मी कुठं म्हणालो? उंदरांचं सांगितलं. आणि आपल्या उपासात शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे पापड, दुपारी राजगिऱ्याचा लाडू. नस बिचारी माल सोड म्हणणार तरी कधी?

---

भाकरतुकडा | रविवार, रात्री १०:२२

+१. आमच्याकडं "एकादशी दुप्पट खाशी" असंच म्हणतात. वाचनखूण साठवली.

---

रक्ताची_बाटली | रविवार, रात्री ११:३०

नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, म्हणून या धुसफुशीच्या कागदावरच्या रूपाबद्दल लिहिते. आजकाल लोक "फुल बॉडी" पॅकेज करतात, त्यात सीआरपी असतं, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. सीआरपी चरबी बनवत नाही, लिव्हर बनवतं. चरबीतून, प्रतिकारपेशींतून इंटरल्युकिन-६ चा निरोप गेला की लिव्हर सीआरपी रक्तात सोडतं. धूर दिसतो, पण कुठल्या घरातला ते धुरावरून कळत नाही.

बारीक दाह मोजायला साधं नाही, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी लागतं. हृदयविकाराच्या हिशोबानं लिटरमागं १ मिलिग्रॅमच्या आत चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर गेलं तर ते चरबीचं नाही असं धरून आधी दुसरं काही आहे का बघायचं, दोनेक आठवड्यांनी परत तपासायचं.

आमच्याकडं मागच्या महिन्यात एक आजोबा आले. कुठल्याशा शिबिरात स्वस्तात पॅकेज केलेलं, सीआरपी १४. तिथल्या माणसानं सांगितलं, शरीरात दाह आहे, नसा ब्लॉक होणार, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांचा डबा हातात ठेवला. आजोबा बोलताना सारखे डावा गाल दाबत होते. दाढ पिकलेली! दाढ काढल्यावर तीन आठवड्यांनी केलं तर २.१. डब्याचे पैसे गेले ते गेले.

---

आडतबाजार | सोमवार, सकाळी ७:१५

ताई, लोकं घाबरतात म्हणून तर हे धंदे चालतात. माझ्या सासऱ्यांना असंच फसवलंय.

---

पेशीवेडा | सोमवार, सकाळी ८:५०

मूळचा हिंगोलीचा, सध्या बाहेर प्रतिकारपेशींवरच काम करतो. डॉक्टरसाहेब, धागा झकास. दोन ठिकाणी कान धरतो, परवानगी दिलीच आहे.

पहिलं. लठ्ठपणात चरबीतल्या महाभक्षी पेशींची संख्या वाढते. म्हातारपणात मात्र संख्येपेक्षा स्वभाव बदलतो. २०११ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं होतं, की वयाबरोबर एकूण महाभक्षी पेशी फारशा वाढत नाहीत, पण शांत प्रकारच्या कमी आणि भांडखोर प्रकारच्या जास्त असं होतं, आणि जोडीला टी-पेशी, म्हणजे फौजेतलीच दुसरी एक जात, गोळा होतात. दीक्षितांच्याच गटानं २०१९ मध्ये दाखवलं, की म्हाताऱ्या चरबीत बी-पेशी ही तिसरी जातही वाढते आणि तीही चरबी सुटण्यात आडवी येते. त्यामुळं सगळं खापर एका महाभक्षीवर फोडू नका. पूर्ण मोहल्लाच बदललेला असतो.

दुसरं जास्त गमतीचं. चरबीत टी-रेग नावाच्या पेशी असतात, शांतता कमिटी म्हणा. २००९ मध्ये दिसलं की सडपातळ उंदराच्या पोटातल्या चरबीत त्या भरपूर असतात आणि लठ्ठ झाला की घटतात. साहजिकच सगळे म्हणाले, टी-रेग चांगल्या, वाढवा. मग २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेतून काम आलं. लठ्ठ नसलेल्या पण म्हाताऱ्या उंदरांच्या चरबीत टी-रेग कमी नाहीत, उलट खूप वाढलेल्या! आणि त्या काढून टाकल्यावर म्हातारपणातला इन्सुलिनचा बिघाड सुधारला. लठ्ठ उंदरात तीच युक्ती चालली नाही.

म्हणजे तिशीतल्या लठ्ठ माणसाची चरबी आणि तुमच्या सहासष्टीतल्या वाळक्या भावाची चरबी, दोन्हींत धुसफूस असली तरी भांडण एक नाही. लठ्ठपणावरचे निष्कर्ष उचलून म्हातारपणाला चिकटवायची सवय आमच्या क्षेत्रातही फार आहे.

---

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ९:२०

शांतता कमिटीच जास्त झाली तर गावचं वाटोळं कसं काय हो? डोक्यावरून गेलं.

---

पेशीवेडा | सोमवार, सकाळी ९:४१

@मांजराकाठ, गावात कमिटी दर गल्लीत झाली आणि रोज सकाळी दुकानं उघडायच्या आधी त्यांचीच बैठक, तर व्यवहार होतील का? नेमकं कसं घडतं याचे धागेदोरे अजून जोडले जातायत. पण चरबीची पेशी हीसुद्धा दुकानदार आहे, तिनं मालाची ने-आण करायची असते. पहारा कुणाचाही असो, अति झाला की धंदा बसतो.

---

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ९:४६

हां, हे ग्रामपंचायतीच्या इलेक्शनच्या बंदोबस्तासारखं झालं. समजलं.

---

अक्का_उदगीर | सोमवार, दुपारी २:३०

मी सत्तावन्नची. बायकांचं कोणीच लिहिलं नाही अजून. पाळी थांबली आणि दोन वर्षांत मांड्यांवरचं सगळं पोटावर आलं. वजनकाट्यावर तीन किलोचाच फरक, पण जुनं एक ब्लाउज होत नाही. ते जे पोटावरची चरबी मशीननं ओढून काढतात, त्यानं ही धुसफूस थांबते का? पुण्याच्या भाचीनं सुचवलंय.

---

पेशीवेडा | सोमवार, दुपारी ४:०५

अक्का, इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांडी-कंबर सोडून पोटाकडं सरकते, ते तुमच्या मनाचं नाही.

ओढून काढण्याबद्दल सरळ प्रयोग झालेला आहे, २००४ साली. पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी लायपोसक्शननं काढली, सरासरी ९-१० किलो, म्हणजे थोडीथोडकी नाही. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम जसंच्या तसं, सीआरपी, इंटरल्युकिन-६, टीएनएफ सगळं जसंच्या तसं. कारण मशीन काढते ती कातडीखालची, चिमटीत येणारी चरबी. डॉक्टरसाहेबांचा तो पडदा आणि आतड्यांभोवतीची चरबी स्नायूंच्या भिंतीच्या आत. तिला ती नळी हातही लावत नाही.

---

गोठ्यातला डॉक्टर | सोमवार, सायंकाळी ६:१०

अक्का, मोठ्या पोटाच्या काही माणसांचं पोट नगाऱ्यासारखं टणक लागतं, चिमटीत फार काही येत नाही. तिथं माल भिंतीच्या आत. ज्याची चिमूट भरून येते त्याचा बराचसा बाहेर. अंदाजच आहे, पण हाताला कळतो.

---

वितळवा_चरबी_गॅरंटी | सोमवार, सायंकाळी ६:४४

[हा प्रतिसाद जाहिरातीचा असल्यानं काढला आहे. धाग्यात काढे, चूर्णं, मोबाईल नंबर देऊ नयेत. – संपादक]

---

आडतबाजार | सोमवार, सायंकाळी ६:५०

आलाच! सकाळीच म्हणालो होतो.

---

हडकुळा_परभणीकर | सोमवार, रात्री ९:०२

माझं उलटं आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६४. मित्र काडी पैलवान म्हणतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. कंपाउंडर म्हणाला रिपोर्ट बदलला असेल. बदलला नव्हता. माझ्याकडं चरबी आहे कुठं धुमसायला?

---

रक्ताची_बाटली | सोमवार, रात्री ९:३५

@हडकुळा_परभणीकर, दादा, तुमच्यासारखे रोज येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलंय का? २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला दोघं सारखे.

त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. आपली बाळं साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. आपल्या बाळाचं मांस कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी त्या मानानं राखलेली. म्हणजे बारीक दिसणारं, आतून चरबीचं बाळ. जन्मल्यापासूनच.

म्हणून आपल्याकडं मोजपट्टी निराळी. बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या वर गेली की सावध. तुमची कंबर किती?

---

हडकुळा_परभणीकर | सोमवार, रात्री ९:५८

बायकोच्या शिवणाच्या टेपनं मोजली. ९४. पँटचा नंबर ३४ आहे म्हणून मी निवांत होतो, पण पँट बेंबीच्या खाली नेसतो ना मी.

---

रक्ताची_बाटली | सोमवार, रात्री १०:०३

सगळे तिथंच नेसतात. 🙂

---

अक्का_उदगीर | मंगळवार, सकाळी १०:१५

माझी ९१. आता काय करू ते पण सांगा, नुसतं घाबरवू नका. दाहावरची गोळी रोज घेतली तर? गुडघ्यासाठी घेतेच मी कधीमधी.

---

पेशीवेडा | मंगळवार, सकाळी ११:२०

अक्का, अजिबात नको. गुडघ्याची गोळी रोज खाल्ली तर पोटाला आणि किडनीला भोवते, चरबीतल्या मोहल्ल्याला तिचं सोयरसुतक नाही.

दाह अडवायचा नेमका प्रयोग माणसांवर झालाय. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची मोठी चाचणी आली. हार्ट अटॅक येऊन गेलेली, सीआरपी वाढलेली १०,०६१ माणसं. हे इंजेक्शन इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं, म्हणजे वरती सांगितलेल्या भोंग्यातून निघणारा आवाज. कोलेस्टेरॉल न बदलता अटॅक, लकवा वगैरे साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. धुसफूस खरंच इजा करते याचा हा पक्का पुरावा. पण त्याच लोकांत जंतुसंसर्गानं मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. फौज झोपवली की चोर शिरणारच.

आणि कुणी एमएओ-ए अडवणारी गोळी शोधायला जाऊ नका, उंदरांचं वाचून. त्या जातीची औषधं नैराश्यासाठी पूर्वी वापरायचे. ती चालू असताना जुनं चीज किंवा तसलं आंबवलेलं काही खाल्लं तर रक्तदाब एकदम उसळतो.

---

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ११:३३

म्हंजे अंबिल बी बंद? राहू द्या मग, पोट बरं.

---

भाकरतुकडा | मंगळवार, दुपारी १:१०

मला वाटतं गहू सोडून परत ज्वारीवर या, घाण्याचं करडईचं तेल खा, सगळं आपोआप. आमच्या आज्याला कुठं होतं पोट? परभणी मोतीची भाकरी आणि ठेचा.

---

गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:००

भाकरतुकडाराव, ज्वारीशी माझं भांडण नाही, दोन्ही वेळ तीच खातो. पण आज्याचं पोट भाकरीनं सपाट नव्हतं हो, मोटेनं होतं. दिवसभर बैलांमागं चालायचा, कडबा डोक्यावर आणायचा. भावानं दोन एकर ट्रॅक्टरनं नांगरून घेतली आणि दिवसभर लिंबाखाली बाजेवर बसून होता. भाकरी तीच, ज्वारीचीच.

पेशीवेडा, चालण्यानं या पेशींवर काय होतं, ते लिहा ना.

---

पेशीवेडा | मंगळवार, रात्री ८:४५

यात एक कोडं आहे. इंटरल्युकिन-६ हा दाहाचा निरोप म्हणून बदनाम. पण तुम्ही दम लागेपर्यंत चालता तेव्हा आकसणारा स्नायूसुद्धा तोच सोडतो, काही तासांपुरता. कोपनहेगनच्या पेडरसन यांनी हे पुढं आणलं. चरबीतून तो रात्रंदिवस ठिबकतो, स्नायूतून झटक्यात येतो आणि जातो, आणि दोन्हींचा परिणाम निराळा. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्येच पोट सुटलेल्या माणसांना बारा आठवडे सायकल मारायला लावली. आतड्यांभोवतीची चरबी घटली. पण ज्यांना सोबत इंटरल्युकिन-६ अडवणारं इंजेक्शन दिलं होतं, त्यांची सायकल मारूनही ती घटली नाही! म्हणजे नस एकटी "माल सोड" म्हणत नाही, स्नायूही म्हणतो. भावाचा दंड झिजतोय ही म्हणून जास्त काळजीची गोष्ट. ओरडणारं एक माणूस कमी होतंय.

खाण्याचं म्हणाल तर 'कॅलरी' (CALERIE) नावाचा अमेरिकेत दोन वर्षांचा प्रयोग झाला, लठ्ठ नसलेल्या माणसांवर. जेवण २५ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात जमलं १२ टक्क्यांच्या आसपास. माणसं सगळीकडं सारखीच. तेवढ्यावरही चरबीतल्या पेशींचे निरोप बदलले. पीएलए२जी७ नावाचा एक जनुक शांत झाला. आणि तो जनुक नसलेले उंदीर म्हातारपणी कमी धुसफुसले. हे २०२२ मधलं, पुन्हा दीक्षितांचंच काम.

---

आडतबाजार | मंगळवार, रात्री ९:१०

बारा टक्के म्हणजे आठ भाकरीतली एक.

---

हडकुळा_परभणीकर | मंगळवार, रात्री ९:२५

आठ भाकरी कोण खातंय आडतवाले?

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ७:५०

शांतपणे पूर्ण धागा वाचला. डॉक्टर म्हणतात नसांचा निरोप महाभक्षी पेशी गिळतात. मग नसांपाशी बसलेल्या या पेशी मारून टाकल्या की झालं. एवढं सोपं असेल तर अजून कुणी का केलं नाही?

---

पेशीवेडा | बुधवार, दुपारी १२:३०

@शंकासुर, केलं की. उंदरांत. आणि उलटंच झालं.

२०२५ मध्ये याच येलच्या गटानं उंदरांच्या चरबीतल्या महाभक्षी पेशी एकेक करून ओळखल्या, कोण रक्तवाहिनीपाशी, कोण मेलेल्या चरबीपाशी, कोण नसेला बिलगून. वय वाढलं की रक्तवाहिनीजवळच्या घटतात, चरबी गिळून बसलेल्या वाढतात आणि सीडी३८ ची खूण असलेली एक भांडखोर जात नव्यानंच दिसायला लागते, जी तरुण उंदरात जवळपास नसते. नसेला बिलगून बसणाऱ्यांतली एक जात मात्र वयाबरोबर घटत जाते. ती जात म्हाताऱ्या उंदरांतून मुद्दाम काढून टाकली तर दाह वाढला आणि चरबी आणखीच हलेना. म्हणजे त्या राखणदार होत्या.

म्हणून २०१७ च्या गोष्टीतला "महाभक्षी निरोप गिळतात" हा चोर, आणि २०२५ च्या गोष्टीतला राखणदार, दोघं एकाच नावानं ओळखले जात होते. सरसकट मारले तर आधी राखणदार जातात. आणि नर-मादीतही या पेशींचे बदल सारखे नाहीत, तेव्हा अक्कांचा "बायकांचं कोणी लिहिलं नाही" हा टोला आमच्या क्षेत्रालाही लागू आहे.

---

गोठ्यातला डॉक्टर | बुधवार, दुपारी १:१५

मान्य. माझ्या धाग्यात मी सगळ्यांनाच एका दावणीला बांधलं होतं. इतकी वर्षं तो पडदा हातात धरला आणि पांढरे ठिपके म्हणजे एक जात समजत होतो.

---

अक्का_उदगीर | बुधवार, सायंकाळी ७:३०

मी कालपासून किल्ल्यापर्यंत जाऊन येते. आज भरभर चालले. दम लागला. इंटरल्युकिन सुटलं असेल.

---

मांजराकाठ | बुधवार, सायंकाळी ७:४४

अक्का 🙏 डॉक्टरसाब, भावाचं काय झालं ते सांगा की.

---

गोठ्यातला डॉक्टर | गुरुवार, सकाळी ९:२०

काल शेतात गेलो होतो. शिवणाची टेप नव्हती, गाडीत गुरांची टेप पडलेली. छातीचा घेर मोजून जनावराच्या वजनाचा अंदाज काढायची, एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला किलो. भावाला उभं केलं, सदरा वर, श्वास सोडायला लावला, बेंबीच्या रेषेत टेप फिरवली. गडी पोट आत ओढत होता. दोनदा सांगितल्यावर सोडलं. ९८.

म्हटलं, आठ सेंटिमीटर जास्त आहे. उपास कर पण खिचडी सोड, आणि सकाळी विहिरीपर्यंत चालत जा, मोटरसायकल नको. आणि दंडासाठी रोज दोन बादल्या पाणी उचल, डॉक्टरला विचारून.

त्यानं टेप हातात घेतली, उलटी केली, चष्मा वर करून किलोची बाजू वाचली. "ह्याच्यात तर माझं वजन वासराएवढं दाखवूलालंय."

म्हटलं, ती बाजू तुझ्यासाठी नाही.

"मग बैलबाजारात ने," म्हणाला, आणि मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात देऊन विहिरीकडं चालायला लागला. किल्ली अजून माझ्याकडंच आहे. संध्याकाळी फोन आला होता, परत कधी आणून देतोस म्हणून.